'जाणार का?' असं विचारलं, पण नाही म्हणायला जागा कुठे होती? जपानच्या तोक्को, म्हणजे कामिकाझे वैमानिकांविषयी

१० मे १९४५ ची रात्र. जपानच्या दक्षिण टोकाला, कागोशिमा प्रांतात, चिरान नावाचं चहाच्या मळ्यांचं गाव आहे. तिथे तेव्हा लष्कराचा विमानतळ होता. झाडीत लपवलेल्या, अर्ध्या जमिनीत गाडलेल्या, वरून नुसतं तिकोनी छप्पर दिसणाऱ्या बराकी होत्या. इथल्या रयोजी उएहारा नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाला लष्कराबरोबर असलेल्या एका वार्ताहराने विचारलं, मनात काय आहे ते लिहून देशील का? उएहारा केइओ विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉम्ब बांधलेलं विमान घेऊन त्याला ओकिनावाजवळच्या अमेरिकन जहाजावर आदळायचं होतं. परत यायचं नव्हतं.

त्याने लिहून दिलं. त्यात सम्राटाचा जयजयकार नाही. स्वातंत्र्याचा विजय अटळ आहे, हुकूमशाही राष्ट्रं काही काळ भरभराटीला आली तरी शेवटी कोसळतातच, इटली आणि जर्मनीकडे पाहा, असं त्यात आहे. स्वतःविषयी तो लिहितो की आत्मघाती हल्ल्याचा वैमानिक म्हणजे विमानाची दांडी धरणारं एक यंत्र. ना व्यक्तिमत्त्व, ना भावना, शत्रूच्या जहाजाला जाऊन चिकटणारा लोखंडाचा एक कण. आणि शेवटी, उद्या एक स्वातंत्र्यवादी माणूस या जगातून जातो आहे.

सकाळी तो गेला.

आपल्याकडे 'कामिकाझे' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते वेगळंच चित्र. कपाळाला पांढरी पट्टी, डोळ्यांत वेड, ओठांवर सम्राटाचं नाव. देशासाठी किंवा धर्मासाठी पिसाटलेली माणसं. उएहाराचं लिखाण त्या चित्रात बसत नाही. बरं, तो एकटाच अपवाद होता म्हणावं, तर तसंही नाही. मग जे पटलेलंच नव्हतं त्यासाठी हा मुलगा का गेला? या प्रश्नाचं उत्तर नुसतं त्या मुलांच्या मनात शोधून मिळत नाही, असं मला वाटतं. ते त्यांच्याभोवती उभ्या केलेल्या भिंतींमध्येही शोधावं लागतं.

आधी शब्दाचं बघू. १२७४ आणि १२८१ साली कुब्लाई खानाची आरमारं जपानवर चालून आली आणि वादळांनी त्यांची धूळधाण केली, तेव्हापासून 'कामिकाझे', म्हणजे 'दैवी वारा', ही कल्पना जपानी मनात रुजली. १९४४ मध्ये नौदलाने आपल्या पहिल्या तुकडीला तेच नाव दिलं. पण जपानमध्ये या सगळ्या प्रकाराला लोक म्हणतात 'तोक्को', म्हणजे 'विशेष हल्ला' या शब्दाचं छोटं रूप. किती साधा, कचेरीतला शब्द आहे पाहा. त्यात मरण नाही, आत्महत्या नाही. एखाद्या विशेष गाडीसारखा विशेष हल्ला. सरकारी भाषा माणसाला कशी सांभाळून घेते, आणि कशापासून, ते या एका शब्दात दिसतं.

आता हा 'विशेष हल्ला' सुचला कुणाला आणि का? १९४४ च्या जूनमध्ये फिलिपीन समुद्रावरच्या लढाईत जपानची तीनशेहून जास्त विमानं दोन दिवसांत गेली. त्याबरोबर मुरलेले वैमानिकही गेले, आणि ते लवकर तयार होत नाहीत. इंधन कमी, म्हणून सराव कमी. सराव कमी, म्हणून नवीन मुलं पहिल्या-दुसऱ्या उड्डाणातच मरत होती. जुलैत सायपान बेट पडलं आणि अमेरिकेची लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं जपानच्या शहरांवर यायची वाट मोकळी झाली. ऑक्टोबरात अमेरिकन फौजा फिलिपिन्समध्ये लेइते बेटावर उतरल्या. फिलिपिन्स गेलं की आग्नेय आशियातून येणारं तेल बंद, आणि तेल बंद म्हणजे आरमार बंदरात उभं.

१९ ऑक्टोबर १९४४ ला व्हाइस ॲडमिरल ताकिजिरो ओनिशी फिलिपिन्समधल्या माबालाकातच्या विमानतळावर आले. त्यांच्या हाताशी उडण्याजोगी विमानं शंभरही नव्हती. त्यांचा प्रस्ताव असा होता की 'झिरो' या लढाऊ विमानांना २५० किलोचे बॉम्ब बांधायचे आणि ती थेट अमेरिकन विमानवाहू जहाजांच्या डेकवर घालायची. उद्देश मर्यादित होता. आठवडाभर त्या जहाजांवरून विमानं उडता कामा नयेत, तेवढ्यात जपानी आरमार लेइतेच्या आखातात घुसेल. म्हणजे एका लढाईपुरता उपाय. पुढे तो दहा महिने चालला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे सगळं तरुण वैमानिकांच्या मनातून आपोआप उसळून आलं आणि वरिष्ठांनी नाइलाजाने परवानगी दिली, असं युद्धानंतर बरीच वर्षं सांगितलं गेलं. पण नौदलाने 'ओका' नावाच्या बॉम्बवर काम सुरू केलं होतं ते ऑगस्ट १९४४ मध्येच. ओका म्हणजे चेरीचं फूल. पुढच्या भागात १,२०० किलो स्फोटकं, मागे रॉकेट, आणि मध्ये माणूस बसायची जागा. ते उतरवायला चाकंच नव्हती. मोठ्या विमानाच्या पोटाला लटकवून न्यायचं आणि सोडून द्यायचं. अशी वस्तू कारखान्यात बनते तेव्हा त्यामागे बैठका झालेल्या असतात, आराखडे मंजूर झालेले असतात, सह्या झालेल्या असतात. तिकडे ओनिशी दाखल व्हायच्या आधीच इकडे माणसाच्या बसण्याची जागा मोजून झाली होती.

स्वतः ओनिशी या पद्धतीला 'नेतृत्वाचा अधर्म' म्हणत. तरी त्यांनी ती सुरू केली.

पहिल्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट युकिओ सेकीकडे आलं. वय २३, नौदल अकादमीतून बाहेर पडलेला, मे महिन्यात लग्न झालेलं. त्याला रात्री उठवून बोलावलं आणि विचारलं. अधिकृत कथेत, तो टेबलावर कोपरं टेकून, डोकं हातात धरून काही क्षण निश्चल बसला, मग केस मागे सारले आणि म्हणाला, हे काम मलाच करू द्या. नंतर बाहेर आलेल्या आठवणींनुसार तो एवढंच म्हणाला होता की एक रात्र विचार करू द्या. या दोन वाक्यांमधलं अंतर हा या अख्ख्या विषयाचा गाभा आहे. मग एका वार्ताहराशी बोलताना सेकीने मन मोकळं केल्याचं नोंदलेलं आहे. आपल्यासारख्या कसलेल्या वैमानिकाला मारावं लागत असेल तर जपानचं काही खरं नाही, आपण आदळल्याशिवायही बॉम्ब नेमका टाकू शकतो, आपण सम्राटासाठी नाही तर बायकोसाठी जातो आहोत, असं तो म्हणाला होता. २५ ऑक्टोबरला त्याची 'शिकिशिमा' तुकडी गेली आणि त्या दिवशी 'सेंट लो' हे छोटं विमानवाहू जहाज बुडालं. वर्तमानपत्रांनी सेकीला 'युद्धदेव' केलं. बायकोचा उल्लेख त्या मथळ्यांत कसा असणार?

शिर तळहातावर घेऊन लढणं आपल्या भाषेला नवीन नाही. पण तळहातावरचं शिर पुन्हा धडावर ठेवायची आशा त्या शब्दांत असतेच. जपानी भाषेतही एक जुनी म्हण आहे, 'नऊ मरणं, एक जगणं'. म्हणजे दहात नऊ वेळा मरशील, पण एक वाट उघडी आहे. सैनिक त्या एका वाटेवर विसंबून जगतो. तोक्कोसाठी नवा शब्दप्रयोग रूढ झाला, 'दहा मरणं, शून्य जगणं'. जपानी सैन्यातल्या जाणत्या माणसांनाही हे खटकलं होतं, कारण मरणाचा धोका पत्करायला सांगणं हा हुकूम आहे आणि मरायलाच सांगणं हे काहीतरी वेगळं आहे. म्हणूनच कागदोपत्री ते 'स्वेच्छेने' असावं लागलं. हुकूम देणाऱ्याच्या हातावर रक्त राहू नये, म्हणून मरणाऱ्याकडून सही हवी होती.

सही कशी घेतली जायची, ते सांगतो. पुष्कळ ठिकाणी मुलांना एक कागद दिला जाई. त्यावर तीन पर्याय असत, मनापासून इच्छा आहे, इच्छा आहे, इच्छा नाही. आपलं नाव लिहायचं आणि एकावर खूण करायची. काही ठिकाणी कागदही नव्हता. सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि म्हणायचं, ज्यांची तयारी आहे त्यांनी एक पाऊल पुढे या.

वीस वर्षांच्या मुलाच्या जागी क्षणभर उभं राहून बघा. शेजारी तो मित्र उभा आहे, ज्याच्याबरोबर वर्षभर एका ताटातलं खाल्लं. तो पुढे गेला. पलीकडचाही गेला. तुम्ही मागे राहिलात तर तुमच्याऐवजी आणखी कुणीतरी जाणार, आणि तुम्हाला ते आयुष्यभर माहीत असणार. शिवाय 'इच्छा नाही' लिहिणाऱ्याचं नाव लिहिलेलं आहेच, आणि तो कागद वरिष्ठांच्या टेबलावर जाणार. पाऊल पुढे पडतं. त्याला स्वेच्छा म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते नाही.

आता ही मुलं होती कोण? मुरलेले लष्करी अधिकारी त्यात थोडे होते. पुष्कळसे दोन प्रकारचे होते. एक म्हणजे पोरसवदा वैमानिक. नौदलाच्या पूर्वप्रशिक्षणात पंधरा-सोळा वर्षांची मुलं घेतली जात. त्यांच्या सात बटणांच्या गणवेशाचं गावोगावच्या पोरांना केवढं वेड होतं! लष्कराचाही असाच अभ्यासक्रम होता. त्यातल्या युकिओ अराकी नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाचा २६ मे १९४५ चा एक फोटो आहे. त्याच्या हातात कुत्र्याचं पिल्लू आहे, मित्र भोवती जमून हसताहेत. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दुसरा गट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा. युद्धाची पहिली काही वर्षं त्यांना भरतीतून सवलत होती. १९४३ मध्ये ती काढून घेतली, पण सगळ्यांची नाही. विज्ञान आणि अभियांत्रिकीची मुलं कामाची म्हणून वाचली. कायदा, साहित्य, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान शिकणारी मुलं गेली. २१ ऑक्टोबर १९४३ ला टोकियोत मेइजी मंदिराच्या मैदानावर पावसात त्यांचं संचलन झालं. सुमारे २५ हजार विद्यार्थी, खांद्यावर रायफल, चिखलातून चालणारे. पंतप्रधान तोजोंचं भाषण झालं. पुढे तोक्कोत मेलेल्या नौदलाच्या अधिकाऱ्यांमध्ये मोठा भरणा या विद्यार्थ्यांचाच होता. वर्षांनुवर्षं शिकवून तयार केलेले अकादमीचे अधिकारी सैन्याला हवे होते. पुस्तकं वाचणारी ही मुलं खर्ची घालायला चालत होती.

छावणीत त्यांचं स्वागत कसं व्हायचं, तर काठीने. त्या काठीला नाव होतं 'मनोबल ओतायची काठी'. बेसबॉलच्या बॅटसारखी जाड, पार्श्वभागावर मारायची. घासलेले बूट मळले, मार. उत्तर हळू दिलं, मार. एकाची चूक, सगळ्यांना मार. महिनोन्महिने असं झाल्यावर 'नाही' हा शब्द तोंडातून निघणं बंद होतं. जी मुलं काठीला नाही म्हणू शकत नव्हती, ती त्या तीन पर्यायांच्या कागदाला कुठून नाही म्हणणार?

हा झाला बाहेरचा रेटा. पण आतही काही होतंच, आणि ते नाकारलं तर या मुलांवर अन्याय होईल. १८८२ पासून प्रत्येक सैनिक पाठ करत आला होता की कर्तव्य पर्वताहून जड आणि मरण पिसाहून हलकं. १९४१ च्या सैनिकी आचारसंहितेने बजावलं की कैदी होऊन लाजिरवाणं जगू नका. शाळेत सम्राटाची तसबीर, त्याच्या शैक्षणिक फर्मानाचं वाचन. मेलेला सैनिक यासुकुनी मंदिरात देव होतो, म्हणून मित्र एकमेकांना म्हणत, भेटू यासुकुनीत. काहींचा यावर खरोखर विश्वास होता. अकादमीतल्या काही तरुण अधिकाऱ्यांच्या आणि कोवळ्या मुलांच्या पत्रांत तो दिसतो, आणि तो खोटा म्हणायचं कारण नाही.

पण विद्यार्थ्यांच्या डायऱ्या वाचल्या की पाण्याचा तळ दिसायला लागतो. इचिझो हायाशी क्योतो विद्यापीठातला ख्रिस्ती मुलगा, विधवा आईचा. तो डायरीत लिहितो की सम्राटासाठी मरायची इच्छा मनापासून आहे असं मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही, पण मी सम्राटासाठी मरायचं हे ठरलेलं आहे. 'मी ठरवलं आहे' असं तो म्हणत नाही, 'ठरलेलं आहे' म्हणतो. आईचा फोटो आणि बायबल बरोबर घेऊन तो १२ एप्रिलला गेला. टोकियो विद्यापीठाचा हाचिरो सासाकी मार्क्स वाचणारा. त्याला जुना भांडवली जपान नकोच होता. या पराभवात तो जळून जाईल आणि त्या राखेतून काही नवं उगवेल, असा त्याचा तर्क होता. म्हणजे जिंकायला नाही, जपानच्या नव्या जन्मासाठी मरायला निघालेला. तोही १४ एप्रिलला गेला.

ही मुलं स्वतःला फसवत होती का? मला तसं वाटत नाही. मरण टळणार नाही हे कळल्यावर माणूस त्याला अर्थ द्यायला बघतो. कुणाला तो अर्थ आईत सापडला, कुणाला गावात, कुणाला मागच्या तुकडीतल्या मित्रात, कुणाला भविष्यातल्या जपानमध्ये. आपण चार दिवस शत्रूला अडवलं तर आईवर बॉम्ब चार दिवस उशिरा पडतील, हा हिशोब त्या क्षणी अगदी खरा वाटत असणार. आधी निर्णय लादला गेला आणि कारणं नंतर शोधली गेली. आपण मात्र ती कारणंच निर्णयाचं मूळ समजतो.

घरचा विचार तर होताच. मेल्यानंतर दोन हुद्द्यांची बढती मिळे, दारावर 'सन्मानाचं घर' अशी पाटी लागे. आणि नाही म्हटलं तर? गावात आईवडिलांना तोंड दाखवायला जागा नाही. शेजाऱ्याचा मुलगा गेला, यांचा मागे राहिला. खेड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

मग पत्रांचं काय? शेवटची पत्रं चिरानच्या संग्रहालयात काचेखाली ठेवलेली आहेत, वळणदार अक्षरात, 'हसत जातो आहे' असं सांगणारी. ती खरी आहेत, पण ती सेन्सॉरच्या डोळ्यांखालून गेलेली आहेत आणि ती आईला लिहिलेली आहेत. उद्या मरणारा मुलगा आईला 'मला भीती वाटते' असं लिहील का? म्हणून काही मुलं दुसरं पत्र लिहीत आणि ते तोमे तोरिहामा या बाईंकडे देत. त्यांची गावात 'तोमिया' नावाची खाणावळ होती. मुलं त्यांना आई म्हणायची. लष्कराची नजर चुकवून तोमेबाई ती पत्रं टपालात टाकत.

उएहारा बराकीकडे लिहीत होता, त्याच १० मेच्या रात्री या खाणावळीत आणखी एक वैमानिक आला होता. कागदावर त्याचं नाव फुमिहिरो मित्सुयामा. खरं नाव ताक क्युंग-ह्यन. कोरियन, वय २४. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. ज्या देशाने आपला देश गिळला त्याच्यासाठी मरायला हा निघालेला. तोमेबाईंना आणि त्यांच्या मुलींना तो म्हणाला, आज माझ्या देशाचं गाणं म्हणतो. टोपी डोळ्यांवर ओढली आणि 'आरिरांग' म्हणायला लागला. कोरियातलं हे जुनं लोकगीत, खिंड ओलांडून दूर जाणाऱ्या माणसाचं. डोळे दिसू नयेत म्हणून टोपी खाली ओढलेली, पण गालांवरून पाणी वाहत होतं. नंतर सगळे मिळून रडले. ओकिनावाच्या लढाईत लष्कराचे १,०३६ तोक्को वैमानिक गेले, त्यांत ११ कोरियन होते. 'सम्राटाप्रति निष्ठा' या एका कारणात हे अकरा जण कसे बसवायचे?

जे परत आले त्यांच्याकडे पाहिलं की हा सगळा डोलारा कशावर उभा होता ते जास्तच स्पष्ट होतं. विमानात एकाच बाजूचं इंधन भरत, असं सरसकट सांगितलं जातं. ते खरं नाही. पुष्कळ विमानांत परतण्याइतकं इंधन असायचं. इंजिन बिघडलं, ढग आले, शत्रूचं जहाज सापडलं नाही, तर मुलं परत यायची. मग त्यांचं काय व्हायचं? लष्कराने अशा मुलांना फुकुओकामध्ये एका इमारतीत वेगळं ठेवलं होतं. बाहेर जायचं नाही, पत्र लिहायचं नाही, सम्राटाची फर्मानं उतरवून काढायची, आणि रोज ऐकून घ्यायचं, मरायला एवढी भीती वाटली का?

तोमोजी सासाकीची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकायला हवी. फिलिपिन्समधल्या लष्कराच्या 'बांदा' तुकडीतला हा साधा कॉर्पोरल. त्या तुकडीच्या विमानांना बॉम्ब असे पक्के जोडलेले होते की टाकताच येऊ नयेत. तुकडीचा कप्तान इवामोतो याने गुपचूप दुरुस्ती करून घेतली आणि मुलांना सांगितलं, बॉम्ब टाका आणि परत या. सासाकी तसंच वागला. त्याने बॉम्ब टाकला आणि परत आला. इकडे सैन्याने तो जहाज बुडवून वीरमरण पावल्याचं जाहीरही करून टाकलं होतं. होक्काइदोतल्या त्याच्या गावात अंत्यविधी झाले. जिवंत सासाकी ही आता अडचण झाली. जाहीर झालेलं खरं करण्यासाठी त्याला पुन्हा पाठवलं, पुन्हा पाठवलं, एकूण नऊ वेळा. तो नऊही वेळा जिवंत राहिला. २०१६ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी वारला.

ज्या चौथ्या हवाई सेनेखाली तो होता, तिचे प्रमुख ले. जनरल क्योजी तोमिनागा. निघणाऱ्या प्रत्येक तुकडीला ते सांगत, शेवटच्या विमानातून मी स्वतः येणार आहे. जानेवारी १९४५ मध्ये ते विमानात बसले, पण तैवानला निघून जायला. ते १९६० पर्यंत जगले. हे लिहिताना आजही राग येतो.

एवढं करून साधलं काय? एकूण सुमारे चार हजार माणसं या हवाई हल्ल्यांत गेली. निघालेल्या विमानांपैकी लक्ष्यावर आदळली ती पाचांत एकाहूनही कमी. एकही मोठं विमानवाहू जहाज बुडालं नाही. बुडाली ती छोटी जहाजं. पण समोरची माणसंही माणसंच होती. ओकिनावाच्या लढाईत अमेरिकन नौदलाचे जवळपास ४,९०० लोक मेले, त्यांतले पुष्कळ या हल्ल्यांत. ११ मेच्या सकाळीच, उएहारा आणि ताक निघाले त्याच दिवशी, कानोयाच्या तळावरून वासेदा विद्यापीठाचा कियोशी ओगावा निघाला. 'बंकर हिल' या मोठ्या विमानवाहू जहाजावर आधी एक विमान आदळलं आणि मिनिटाच्या आत दुसरं, ते ओगावाचं. सुमारे ३९० खलाशी जळून आणि धुरात गुदमरून मेले. त्यांत ओगावाच्याच वयाची किती मुलं असतील. आग विझल्यावर एका खलाशाला वैमानिकाच्या अंगावर त्याच्या नावाची पट्टी, काही फोटो आणि एक पत्र सापडलं. त्याने ते जपून ठेवलं. २००१ मध्ये त्याच्या नातवाने ते सगळं ओगावाच्या नातेवाइकांकडे परत केलं.

१५ ऑगस्टला सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. ती ऐकून झाल्यावर व्हाइस ॲडमिरल मातोमे उगाकी अकरा विमानं घेऊन शेवटच्या हल्ल्यावर निघाले. तीन विमानं बिघाड होऊन उतरली, बाकीची गेली. उगाकींना मरायचं होतं तर एकट्याने मरता आलं असतं. युद्ध संपल्यावर त्यांच्याबरोबर मेलेल्या त्या तरुणांच्या 'प्रेरणे'विषयी कुणी काय लिहावं? ओनिशींनी १६ ऑगस्टला पहाटे पोट चिरून घेतलं, मदत नाकारली आणि पंधरा-सोळा तास तळमळत राहिले. चिठ्ठीत त्यांनी मेलेल्या वैमानिकांची आणि त्यांच्या घरच्यांची क्षमा मागितली. क्षमा मागणारे वरिष्ठ फार थोडे निघाले.

आणि ज्यांच्या दारावर पाट्या लागल्या होत्या, त्या घरांचं? सेकीची आई युद्धात 'युद्धदेवाची माता' होती. पराभवानंतर तीच माणसं तोंड फिरवायला लागली. एका शाळेत शिपायाचं काम करत ती १९५३ मध्ये वारली. वाचलेल्या वैमानिकांना 'तोक्कोचा गाळ' म्हणून हिणवलं गेलं. काल देव, आज गाळ, मुलं तीच.

उएहाराच्या घरी तीन भाऊ होते. तिघेही युद्धात गेले. रयोजीच्या वस्तूंमध्ये इटालियन तत्त्वज्ञ क्रोचे याच्यावरचं एक पुस्तक होतं, त्याचं आवडतं. ते घरच्यांनी चाळलं तेव्हा मधूनमधून काही अक्षरांभोवती छोटी वर्तुळं दिसली. एक अक्षर इथे, दुसरं काही पानांनी पुढे. ती ओळीने जुळवली. एका मुलीचं नाव निघालं, लग्न दुसरीकडे ठरलेल्या. त्यापुढे, येतो आता. आणि त्यापुढे, मला तू आवडायचीस.